मैनेचं कार्ड

अंजीच्या कॅनच्या झाकणाला आतून कधी लोणी लागायचं नाही. गुरुसिद्धप्पा खवेवाल्याच्या भट्टीवर रोज सकाळी पंधरा-वीस वस्त्यांवरून दूध यायचं, आणि तो माणूस मापाला हात लावायच्या आधी झाकण उलटं करून बघायचा. वाटेत दूध हेंदकळलं की लोणी सुटतं, झाकणाला चिकटतं, आणि तितका खवा कमी पडतो. असं झाकण दिसलं की तो आणणाऱ्याला सगळ्यांदेखत विचारायचा, "दूध आणलंस का ताक घुसळलंस?" मिशीवाले बापे खाली मान घालायचे. अंजीला हा प्रश्न दोन वर्षांत एकदाही ऐकावा लागला नव्हता.

बब्रुवानची वस्ती ईटच्या माळावर. तिथून भट्टी चार किलोमीटर. वाट म्हणजे बैलगाडीची चाकोरी. मधे ओढा, मग पाझर तलावाची पाळ, आणि पाळ उतरली की लगेच खडीचं वळण. दोन वर्षांपूर्वी वैशाखात बब्रुवान गोठ्यात शेणावरून घसरला, मांडीचं हाड मोडलं, आत लोखंडी पट्टी बसली. तेव्हापासून त्याला गाडीची किक मारता येईना. थोरली राजेश्वरी लग्न होऊन लोहाऱ्याला गेलेली, बायको कमलबाईला गाडी येत नव्हती. राहिली धाकटी शिवांजली, म्हणजे अंजी, तेव्हा आठवीला जाणारी. शंभर सीसीची जुनी गाडी, दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरचे कॅन आणि वर ही चिपाड पोरगी. लायसनचं वय नव्हतं म्हणून डांबरीवर चाक टेकवायचं नाही एवढी एकच अट बापानं घातली, आणि तिनं ती पाळली.

सुरुवातीला तिनंही दूध सांडलं. ओढ्यात एकदा आडवी झाली, कोपराचं सालपट निघालं. मग तिची तिलाच अक्कल आली. वळणात ब्रेक मारला की दूध पुढं धावतं आणि गाडीला ढकलतं. म्हणून वेग वळणाच्या आधीच मोडायचा, हळू दाबत दाबत, आणि वळणात शिरल्यावर गाडीला तिच्या तिच्या चालीनं जाऊ द्यायचं. उजव्या कॅनमधलं दूध डाव्या कॅनला कळू द्यायचं नाही, असं ती म्हणायची. म्हणता म्हणता तिचा वेग इतका वाढला की सगळ्यात लांबच्या वस्तीचं दूध सगळ्यात आधी भट्टीवर पोचू लागलं.

हे पहिल्यांदा ओळखलं ते ईटच्या शिवानंद मिस्त्रीनं. गॅरेजात गाडी खोलली आणि तो ब्रेकचे लायनर हातात घेऊन बसूनच राहिला. इतक्या किलोमीटरला दोन जोड खलास व्हायला पाहिजे होते, आणि हा पहिलाच जोड अर्धासुद्धा झिजला नव्हता. त्याला वाटलं पोरगी गाडी चालवत नाही, ढकलत नेते. खात्री करायला तो एका सकाळी पाझर तलावाच्या पाळीवर जाऊन उभा राहिला. त्यानंतर आठ दिवसांनी तो मोबाइल घेऊन वस्तीवरच आला.

कुठल्याशा मोटरसायकल कंपनीनं लहान पोरापोरींची निवड ठेवली होती. दीडशे सीसीच्या गाड्या, सगळ्यांना सारख्या. चाचणीत पहिले येतील त्या चौघांना वर्षभर शिकवायचं आणि खाली दक्षिणेत मोठ्या ट्रॅकवर शर्यतीत उतरवायचं. गाडी, चामड्याचा सूट, राहणं, जेवण, विमा, सगळं कंपनीचं. अट एवढीच की एक जुलैला वयाची पंधरा पूर्ण झालेली नसावीत. शिवानंदनं जन्मसाल विचारलं. बब्रुवाननं २०१० सांगितलं. ते खरंच होतं. शिवानंदनं ते भरून टाकलं, आणि इथंच माशी शिंकली.

चाचणी जुलैच्या शेवटी, पुण्याच्या अलीकडं एका ट्रॅकवर होती. शिवानंदच्या पाहुण्याच्या पिकअपमधून तिघं गेले. ट्रॅकवर शहरातली पोरं आपापले सूट, बूट, बाप आणि पाण्याच्या रंगीत बाटल्या घेऊन आली होती. अंजीला तिथला सूट मिळाला, तो दोन पोरी मावतील एवढा. पायांशी वर दुमडलेली घडी शिवानंदनं चिकटपट्टीनं बांधली. शेजारचा एक पोरगा हसला. बब्रुवान काठी टेकत कठड्यापाशी उभा राहिला आणि उगाच घसा खाकरत राहिला.

पहिल्या दोन फेऱ्या तिच्या वाईट झाल्या. गाडीला वजन नाही, उडाल्यासारखी वाटते, म्हणाली. तिसऱ्या फेरीपासून तिनं मनातल्या मनात दोन्ही बाजूंना कॅन अडकवले. बाकीची पोरं वळणाच्या तोंडाशी कचकन ब्रेक मारत होती, मागचं चाक फरफटत होतं, मग पुन्हा वेग घ्यायला त्यांना वेळ लागत होता. ही वळणात शिरायची आणि बाहेर पडायची, मधे काही झालंच नाही असं. शिकवणारा रणधीर म्हणून कोल्हापूरचा होता, पस्तिशीचा, एका हाताची दोन बोटं वाकडी. तो आधी खुर्चीवर बसला होता. पाचव्या फेरीला उठून कठड्याशी आला.

"हिला वळण कुणी शिकवलंय, काका?" त्यानं बब्रुवानला विचारलं.

"कुणी न्हाय, साहेब. दूध सांडू ने म्हणून चालवती तशी."

रणधीरला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. शिवानंदनं मग झाकणाची गोष्ट सांगितली, तेव्हा तो हसला नाही. दुसऱ्या पोरांना बोलावून म्हणाला, ही पोरगी ब्रेक मारत नाही, ब्रेक दाबते. फरक बघून घ्या.

संध्याकाळी चार नावं वाचली. पहिलं नाव शिवांजली बब्रुवान. चौघांना कंपनीचा लाल टी-शर्ट दिला, पाठीवर इंग्रजीत नाव छापलेला. अंजीनं तो ड्रेसवरूनच घातला आणि बापाकडं पाठ करून उभी राहिली, त्याला नाव दिसावं म्हणून. बब्रुवानला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तरी त्यानं एकेका अक्षरावरून बोट फिरवलं. इतका आनंद त्याला राजेश्वरीच्या लग्नातसुद्धा झाला नव्हता, आणि ते त्याला त्याचं त्यालाच कळत होतं.

मग कागदाचं टेबल आलं. टेबलामागच्या माणसानं आधार कार्ड बघितलं, फॉर्म बघितला, परत आधार बघितलं. आधारवर जन्मतारीख होती १ जून २००९. पंधरा वर्षं आणि एक महिना.

"फॉर्मवर दोन हजार दहा कसं काय?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाला, दरवर्षी वय चोरणारे दहा जण येतात, पण आधार हातात देऊन चोरी करणारे तुम्ही पहिलेच.

मागं रांग होती. रांगेतले बाप माना उंचावून बघू लागले. बब्रुवान काकुळतीला येऊन सांगू लागला की वय चोरलं नाही साहेब, उलट वाढवलं होतं, शाळेत घालताना. ते ऐकून टेबलवाला आणखीच वैतागला. रणधीर धावत आला, दोघांत बोलणं झालं, आणि शेवटी चार दिवसांची मुदत मिळाली. जन्माचा सरकारी दाखला आणा, नाहीतर पाचव्या नंबरच्या पोराला घ्यावं लागेल. पाचवा नंबर त्या हसणाऱ्या पोराचा होता, कुलदीप नाव त्याचं.

येताना पिकअपमध्येही अंजीनं टी-शर्ट काढला नव्हता.

आपल्याकडं एक जूनला अर्धा तालुका जन्माला येतो, हे काही नवीन नाही. शाळा जूनमध्ये उघडते, मास्तर पोरं गोळा करत हिंडतात, आईबापाला तारीख ठाऊक नसते, आणि असली तरी विचारतो कोण. बब्रुवान दुसऱ्या दिवशी सकाळीच भागवत गुरुजींकडं गेला. गुरुजी आता निवृत्त होऊन ओसरीवर शेंगा फोडत बसलेले. त्यांना सगळं आठवत होतं.

"बब्रुवान, तवा पट एका पोरानं कमी पडत हुता. दुसरा मास्तर उचलत हुते. तुला म्हणलं, पाच वर्साची हाय, सहा पुरी टाकतू. तू काय म्हणलास?"

बब्रुवान काय म्हणाला होता ते त्यालाही आठवत होतं. टाका की गुरुजी, तुमीच टाका, असं म्हणाला होता. पोरगी शाळेत गेली की दुपारची खिचडी तिकडंच खाईल आणि कमलबाई वैरणीला मोकळी होईल, एवढाच हिशेब. गुरुजींनी शेंगांची टरफलं झटकली आणि आपला स्वतःचा जन्मही एक जूनचाच लिहिलेला आहे, असं सांगून चहा मागवला. चहा यायच्या आधीच बब्रुवान ग्रामपंचायतीकडं निघाला.

ग्रामपंचायतीत २०१० ची जन्मनोंद काढली. नव्या ग्रामसेवकानं चांगल्या मनानं दोनदा पानं उलटली. पोरगी फेब्रुवारीची. त्या महिन्यात गावात पाच जन्म होते, त्यात अंजी नव्हती. उशिरा नोंद करता येते म्हणाला, पण ती तहसीलच्या हुकमानं, पुराव्यानिशी, आणि त्याला महिने जातात. पुरावा काय आहे, असं त्यानं विचारलं. वस्तीवर बाळंतपण करणारी सिताबाई होती, ती मरून सात वर्षं झाली होती.

घरी आला तेव्हा कमलबाई गोठ्यात मैनेच्या पाठीवर पाणी ओतत होती. मैना म्हणजे घरची जुनी म्हैस, पोटाला जड, आता दिवाळीच्या पुढंमागं विणार. तिची आणि अंजीची एकच जन्मवेळ. मैनेची आई चंद्री आणि कमलबाई एकाच पहाटे बाळंत झालेल्या. एकीला रेडी झाली, एकीला पोरगी. घरात दोघींना जुळ्याच म्हणायचे.

"कागुद कुठंच न्हाय म्हणं," बब्रुवान म्हणाला आणि खाटेवर बसला.

कमलबाईनं बादली खाली ठेवली. "कागुद हाय की. पेटीत हाय."

"कशाचा?"

"मैनेचा."

तिनं पेटी उघडली. लग्नातल्या शालूच्या घडीखाली प्लास्टिकच्या पिशवीत ते पिवळं कार्ड होतं. दूध संघाच्या डॉक्टरचा शिक्का. आईचा बिल्ला नंबर, वळूचा नंबर, जात मुऱ्हा, लिंग मादी, जन्म ९/२/२०१०, वेळ पहाटे साडेचार. मालकाच्या नावापुढं बब्रुवानची सही, ठसठशीत.

त्याला ती सकाळ आठवली. तो बारा किलोमीटर सायकल हाणत संघाच्या डॉक्टरकडं गेला होता, कारण नोंदलेल्या रेडीला पेंड सवलतीत मिळायची. वाट ग्रामपंचायतीवरूनच होती. तेव्हाचा ग्रामसेवक पायरीवर उन्हाला बसलेला, त्यानं हाक मारून विचारलंही होतं की एवढ्या सकाळी कुणीकडं. आणि बब्रुवान सायकलवरून एक पाय टेकून हसत बोलला होता, म्हशीला रेडी झालीय. दुसरी पोरगी झाली हे त्यानं सांगितलं नाही. मनच नव्हतं. पुढच्या आठवड्यात नोंदवू, मग बघू, मग राहिलंच.

"चीक सगळ्या वस्त्यांवर वाटला तुमी," कमलबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "लोकं खरवस खाऊन गेली. आत कोण निजलंय त्ये बघाया कुणी आलं न्हाय. म्या इतकी वर्सं बोलले न्हाय. आता बोलते. तुमी त्या दिवशी दोन पावलं सायकलवरून उतरला असता तर आज पोरगी शर्यतीला गेली असती."

अंजी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. बब्रुवानला वाटलं आता ही रडेल, भांडेल, निदान आदळआपट तरी करेल. ती आत आली, कार्ड हातात घेऊन वाचलं आणि बापाला म्हणाली, "दादा, ह्येच न्या. तारीख तर खरी हाय."

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तसा बब्रुवान दुसऱ्या दिवशी ते कार्ड घेऊन तालुक्याला गेला. कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा एक जण टेबल टाकून बसायचा. त्यानं कार्ड दोन्ही बाजूंनी बघितलं, चष्मा वर सरकवला.

"मामा, उंदराला मांजर साक्ष ऐकलं व्हतं. पोरीला म्हैस साक्ष आजच बघायलोय."

मग त्यानं ते शेजारच्या झेरॉक्सवाल्याला दाखवलं, त्यानं चहावाल्याला. कार्ड पाच-सहा हातांतून फिरलं. एकानं म्हशीला हजर करावं लागेल म्हणून सांगितलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, दुपार रिकामी होती, एवढंच. बब्रुवान काठीवर भार देऊन कार्ड परत हातात येईपर्यंत उभा राहिला. अर्ज लिहून झाला, आत दिला गेला, त्याच्यावर तारीख पडली. ती नोव्हेंबरची होती.

शिवानंदनं शेवटचा उपाय म्हणून कार्डाचा फोटो रणधीरला पाठवला, खाली सगळी हकिगत लिहून. चौथ्या दिवशी संध्याकाळी रणधीरचा फोन आला. शिवानंदनं गॅरेजात फोन मोठ्या आवाजावर ठेवला. अंजी, बब्रुवान दोघंही तिथंच होते. रणधीर म्हणाला की तो स्वतः कंपनीशी भांडला, त्याचा कार्डावर विश्वास आहे, पण तिथं त्याच्या विश्वासाला कोण विचारतं.

"काका, विमा कागदाचा निघतो, पोरीचा न्हाई. उद्या ती पडली तर ह्ये म्हशीचं कार्ड कोण धरणार हाय?" मग तो म्हणाला, "अंजू, तू ऐकतीस न्हवं? तुझी चूक न्हाई, बाळ."

"व्हय सर," अंजी म्हणाली. तिनं गाडीची किल्ली घेतली आणि बाहेर गेली. पुढच्या वर्षी काही जमेल का, असं शिवानंदनं विचारलं. रणधीरनं सांगितलं की पुढच्या वर्षी कागदावर सोळा होतील. वरच्या गटात स्वतःची गाडी लागते, स्वतःचा सूट, स्वतःचा सगळा खर्च. तिकडं ज्यांचे बाप पोचवतात तीच पोरं पोचतात.

दुसऱ्या दिवशी भट्टीवर गुरुसिद्धप्पानं अंजीच्या कॅनचं झाकण उलटं केलं. आत लोण्याचा जाड थर होता. भोवती बापे उभे होते, सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते. म्हाताऱ्यानं बोटानं लोणी निपटलं, बोट धोतराला पुसलं आणि काही न बोलता दूध कढईत ओतलं. ही गोष्ट त्यानंच पुढं कधीतरी बब्रुवानला सांगितली. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत होतं. पोरगी वाट बघत होती विचारण्याची.

पुढं अंजी पहिल्यासारखी चालवू लागली. म्हणजे दूध सांडत नव्हतं. पण आता ती उशिरा पोचायची, सगळ्यांच्या मागून. शिवानंदनं एकदा मोबाइलवर शर्यत दाखवली. कुलदीप लाल कपड्यात नवव्या नंबरला होता. अंजीनं शेवटपर्यंत पाहिलं. पोरगं अजून वळणातच ब्रेक मारतंय, एवढं बोलली आणि मोबाइल परत दिला. घरात ती बापाशी धड बोलायची, जेवायला वाढायची, काठी हातात आणून द्यायची. बब्रुवानला वाटायचं हिनं एकदा तरी शिव्या घालाव्यात. कमलबाईनं बोलून घेतलं होतं, ते पचलं होतं. हिचं गप्प राहणं पचत नव्हतं.

तहसीलची नोव्हेंबरची तारीख आली. त्या दिवशी साहेब बैठकीला गेले होते, पुढची तारीख जानेवारीची पडली.

त्याच आठवड्यात मैना व्याली. पहाटे अडली होती, बब्रुवान आणि अंजी दोघांनी रेडकू ओढून काढलं. रेडी झाली, काळीभोर, कपाळावर रुपयाएवढा पांढरा टिळा. अंगावरचा चिकटा पुसायला अंजीनं खुंटीवरचा लाल टी-शर्ट ओढला आणि तोंडापासून शेपटापर्यंत रेडीला कोरडं चोळलं. पाठीवरचं इंग्रजी नाव रक्तापाण्यानं भिजून गेलं. बब्रुवाननं पाहिलं आणि दुसरीकडं मान वळवली. कमलबाईनं चीक काढला, पण वाटायला कुणाकडं पाठवला नाही.

तिसऱ्या दिवशी दवाखान्याचा तरुण डॉक्टर बिल्ला मारायला आला. हल्ली सगळं मोबाइलवर असतं. अंजीनं रेडीची मान काखेत घट्ट धरली, त्यानं कानात पिवळा बिल्ला टोचला. रेडी ओरडली, मैनेनं दावं ताणलं. डॉक्टर मोबाइलमध्ये एकेक रकाना भरत गेला. आईचा नंबर, रंग, लिंग.

"जन्मतारीख?"

"एक जून टाका," अंजी म्हणाली.

डॉक्टर हसला. "अगं, बेंबी अजून वाळली नाही तिची."

"टाका की. तिला कुठं जायचंय?"

ती हसत नव्हती, म्हणून डॉक्टरचंही हसू राहिलं. तो बब्रुवानकडं वळला. एवढी वर्षं गुरांची नोंद करवून घेणारा माणूस. जीभ आपोआप चालली.

"नोव्हेंबरची अकरा, साहेब. पहाट. सव्वापाच वाजलं व्हतं."

तोंडातून वेळेसकट निघून गेलं, आणि मग त्याचं त्यानं ते ऐकलं. अंजीनं रेडीची मान सोडली. हात पाण्यात बुचकळले, कॅन गाडीला अडकवले, झाकणं दाबून बसवली. डॉक्टरनं खरी तारीख टाकली आणि मालकाच्या सहीसाठी मोबाइल पुढं केला. बब्रुवाननं बोटानं काचेवर सही केली. ती सही पूर्ण होईपर्यंत गाडी ओढ्यापर्यंत गेली होती, आणि तिचा आवाज तिथल्या वळणाच्या आधी हळूहळू, दाबत दाबत, कमी झाला.